ओळंबा आणि पट्टी

आमच्या कोकणातील जुन्या घराच्या माजघरात, जांभ्याच्या दोन जाड भिंतींच्या मध्ये, पूर्वी भाताची कणगी ठेवण्यासाठी सोडलेली एक खोलगट जागा आहे. कणगीचे दिवस सरले, जागा रिकामी राहिली, आणि तेथे कपड्यांसाठी भिंतीत बसते असे एक कपाट असावे असे घरात ठरले तेव्हा ते आपणच करावे, वडिलांच्या पेटीतील रंधा, पटाशी आणि गुण्या यांना पुष्कळ वर्षांनी पुन्हा काम द्यावे, अशी इच्छा माझ्या मनात उत्पन्न झाली. वैशाखात लाकूड आणले, ज्येष्ठात कपाट उभे राहिले. आणि आषाढाची झड लागली त्या आठवड्यात डावे दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासू लागले, उजव्या दाराच्या डोक्यावर करंगळी शिरेल एवढी फट दिसू लागली, आणि कपाटाची बाजू व भिंत यांच्या मध्ये, कोठे काहीच नाही तर कोठे अर्धा इंच, असे एक काळे वेडेवाकडे अंतर वरपासून खालपर्यंत उघडे पडले.

दार घासते म्हणून मी दाराचा कोपरा रंध्याने उतरवला. दोन दिवस ते निमूट मिटले, तिसऱ्या दिवशी दुसरीकडे घासू लागले. भिंतीलगतचे अंतर लांबी भरून बुजवावे आणि वरून रंगाचा हात फिरवावा, असा विचार करीत मी त्या अंतरासमोर उभा असता, आपण दुरुस्ती करीत नसून मखलाशी करीत आहोत, ही जाणीव मला झाली. आणि त्या जाणिवेबरोबर एक प्रश्न मनात शिरला, तो कपाट दुरुस्त होऊन गेल्यावरही निघून गेलेला नाही. भिंत वाकडी आहे हे निर्विवाद. ती माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे आणि मी असेपर्यंत ती तशीच राहणार. अशा वाकड्या जागेत जो सरळ वस्तू बसवू पाहतो, त्याने काय करावे? आपला सरळपणा सोडावा, की जागेशी असलेला संबंध सोडावा? साधुत्व आणि संसार, तत्त्व आणि व्यवहार, धर्म आणि देशकाल यांच्यामधला जो पुरातन वाद आपल्या प्रत्येकाच्या आयुष्यात एकदा तरी येऊन उभा राहतो, तोच त्या अर्ध्या इंचाच्या अंधारात माझ्यापुढे उभा होता.

गावातील एक वृद्ध मेस्त्री, ज्यांच्या हातची दारे पंचक्रोशीतील कित्येक घरांत आजही नीट मिटतात, माझ्या विनंतीस मान देऊन आले. ते आल्यावर काही वेळ काहीच बोलले नाहीत. कपाटासमोर बसून ते नुसते पाहत राहिले. मग त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला, भिंतीच्या माथ्याजवळ दोरी धरली, आणि लंबक हेलकावे घेऊन स्थिर होईपर्यंत पुन्हा स्तब्ध राहिले. भिंतीने कमरेच्या उंचीवर तीन सुतांचे पोट काढले होते. आठ सुतांचा एक इंच, या हिशेबाने पाऊण बोटाचाही हा मामला नव्हता. मी जागेची रुंदी फक्त जमिनीलगत मोजली होती. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजून त्यांतील सर्वांत कमी मापाला प्रमाण मानावयाचे, हा या कामातील पहिला नियम मी पाळला नव्हता, आणि मध्ये अडलेली कपाटाची पेटी ठोकून आत बसवली होती. शिवाय फरशी उजवीकडे चार सुतांनी उतरती होती. मेस्त्रींनी पेटीचे दोन्ही कर्ण मोजून पाहिले. काटकोनी चौकटीचे कर्ण समान असावयाचे, येथे त्यांत सहा सुतांहून अधिक तफावत निघाली. तेव्हा ते प्रथम बोलले. "दाराला आता हात लावू नका, भाऊ. दार खोटं बोलत नाही. पेटी वाकली आहे, तेवढंच ते सांगतं आहे."

या एका वाक्यात दोषमीमांसेचे जे सूत्र आहे, ते मी पुढे अनेक ठिकाणी लावून पाहिले आणि ते खरे ठरले. आपल्या जीवनातील तक्रार जेथे ऐकू येते तेथे तिचे मूळ क्वचितच असते. घासते ते दार, म्हणून आपण दार तासतो. मूल खोटे बोलू लागले म्हणजे मुलाला शिक्षा करतो, आणि ज्या घराच्या चौकटीत ते टांगलेले आहे ती चौकट चार सुतांनी कलली आहे की काय, याची चौकशी करण्याचे आपल्या मनातही येत नाही. शेवटच्या टोकाला जे हलते, ज्याची रोज उघडझाप होते, त्याच्याच कपाळी सर्व दोषांचा डाग यावा, आणि जे स्थिर, जड व प्रतिष्ठित आहे त्याची रुजवात कोणी घेऊ नये, हा न्याय नव्हे. मी दाराचा जो कोपरा रंध्याने उतरवला तो निरपराध होता, आणि ही गोष्ट मेस्त्रींनी न बोलता, त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवून, माझ्या लक्षात आणून दिली.

पेटी बाहेर काढून तिची दुरुस्ती सुरू झाली. उजव्या पायाखाली सागाच्या दोन पाचरी समोरासमोर सरकवून तळ पाणसळीत आणला. कर्ण समान होताच एक आडवी पट्टी ठोकून चौकट त्या स्थितीत बांधून टाकली. आणि मग तिचा उभेपणा ओळंब्याशी ताडून पाहिला. येथे माझ्या मनात आले की ओळंबा ही किती विलक्षण वस्तू आहे. तो ज्या भिंतीजवळ लोंबतो तिचे मत तो विचारीत नाही. भिंत जुनी आहे, वडिलोपार्जित आहे, तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या आढे विसावले आहे, या तिच्या सगळ्या कैफियतीचा त्याच्यावर काडीइतका परिणाम होत नाही. तो पृथ्वीच्या मध्याकडे पाहतो. आणि म्हणूनच राजवाड्यात व झोपडीत, या गावात व त्या गावात, तो एकच गोष्ट सांगतो. ज्याला आपण तत्त्व म्हणतो ते अशाच एखाद्या दूरच्या, न दिसणाऱ्या, परंतु सर्वांना समान असलेल्या केंद्राकडे पाहत असले पाहिजे. शेजारच्या भिंतीवरून जे ठरते ती रूढी होय.

पेटी जागेवर बसवून भिंतीत आवळण्याची वेळ आली तेव्हा माझ्या हातून आणखी एक गफलत होता होता राहिली. पेटीची बाजू आणि भिंत यांच्या मधली पोकळी स्क्रू जोराने पिळून मिटवावी, असे मला वाटले होते; मेस्त्रींनी माझा हात धरला. मध्ये आधार न देता स्क्रू आवळला तर बाजूची फळी भिंतीकडे ओढली जाते, भिंतीचे पोट आणि भिंतीची खोलगी जशीच्या तशी तिच्यात उतरते. अंतर मिटलेले दिसते, परंतु कपाट आता कपाट राहत नाही, ते वाकड्या भिंतीचा लाकडात काढलेला ठसा होऊन बसते, आणि मग त्यावर टांगलेले एकही दार आयुष्यात सुखाने मिटत नाही. म्हणून जेथे स्क्रू तेथे त्याच्या मागे नेमक्या जाडीची चिपळी घालावयाची आणि फळीला तिच्या जागी राहू द्यावयाचे. जगाशी जुळवून घेण्याच्या नावाखाली माणसे स्वतःला असेच आवळून घेतात. प्रत्येक वेळी एकच फेरा. त्या एका फेऱ्याने काही बिघडले असे दिसत नाही, उलट फट कमी झाल्याचे समाधान मिळते. परंतु त्या माणसावर ज्यांचा भार आहे, ज्यांची दारे त्याच्या बिजागऱ्यांवर फिरतात, त्या बायकामुलांना, सहकाऱ्यांना आणि आश्रितांना ते वाकणे रोज सोसावे लागते.

मग ती फट? ती तशीच सोडावयाची काय? सरळ राहिलो, भिंतीशी आपले जमले नाही, आता दोघांच्या मध्ये अंधार राहो आणि त्यात झुरळे नांदोत, असे म्हणणाऱ्या कठोर सदाचाराचा आपल्याकडे मोठा दरारा आहे. मेस्त्रींनी त्या फटीसाठी वेगळी तजवीज केली. दीड इंच रुंदीची एक सरळ पट्टी त्यांनी भिंतीलगत, ओळंब्यात उभी धरली. लाकडाच्या एका लहानशा तुकड्याला पेन्सिल लावून तो तुकडा भिंतीवर टेकवीत, वरपासून खालपर्यंत, अतिशय सावकाश ओढीत आणला. तुकडा भिंतीच्या अंगावरून चालला होता आणि पेन्सिल पट्टीवर रेघ काढीत होती. गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खळगा, कोण्या काळच्या गवंड्याच्या थापीची प्रत्येक हेलपाट त्या रेघेत उतरली. मग त्या रेघेवर पट्टी कापली, कापलेली कड आतल्या बाजूने किंचित अधिक तासली, म्हणजे बाहेरची धार भिंतीला तंतोतंत टेकावी, आणि ती पट्टी पेटीच्या पुढच्या कडेवर बसवली. एक कड दोरीसारखी सरळ, दुसरी कड भिंतीसारखी वाकडी. पेटीने सरळपणाचा एक केसही सोडला नाही आणि भिंतीला कोठेही फट उरली नाही.

ती पट्टी बसली त्या क्षणी मला ॲरिस्टॉटलची आठवण झाली. त्याच्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागात तो सांगतो की सुतार आणि भूमितिज्ञ हे दोघेही काटकोनाचा शोध घेतात, परंतु निरनिराळ्या रीतीने; सुताराला त्याच्या कामापुरता काटकोन हवा असतो, भूमितिज्ञाला काटकोनाचे स्वरूपच जाणून घ्यावयाचे असते. आणि त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागात, कायदा आणि समदृष्टी यांचा संबंध स्पष्ट करताना, त्याने लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिला आहे. ती पट्टी ताठ राहत नाही, दगडाच्या आकाराप्रमाणे वळते. कायदा सर्वसामान्य शब्दांत बोलतो आणि जीवनातील प्रसंग तर एकेकटे, आपापल्या खाचखळग्यांसह येतात. म्हणून कायदा जेथे त्याच्या सामान्यपणामुळेच अपुरा पडतो तेथे समदृष्टीने त्याची दुरुस्ती करावी, असा त्याचा अभिप्राय. ही समदृष्टी न्यायाहून निराळी नव्हे, ती न्यायाचेच अधिक उन्नत रूप होय, असे तो आग्रहाने सांगतो, आणि ओळंबा व पट्टी एकाच कपाटात पाहिल्यावर तो आग्रह मला पटला. शिशाची पट्टी आहे म्हणून कोणी ओळंबा फेकून देत नाही. वळणारे माप भिंतीकडच्या कडेसाठी असते. दारे मात्र न वळणाऱ्या मापावरच टांगावी लागतात.

आपल्या मीमांसकांनी हीच मर्यादा यज्ञाच्या संदर्भात फार बारकाईने आखली आहे. यज्ञाला सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर काय करावे, हा प्रश्न जैमिनींच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात येतो. व्रीही, म्हणजे शेतातले भात, न मिळाले तर नीवार, म्हणजे आपोआप उगवलेले रानटी भात, घ्यावे. सोम न मिळाला तर पूतीक घ्यावा. काळाची आणि देशाची अडचण यज्ञाला बंद पाडू शकत नाही. परंतु याच ठिकाणी सूत्रकार हद्द घालतात. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. देवतेला, अग्नीला, मंत्राला आणि प्रत्यक्ष क्रियेला प्रतिनिधी चालत नाही. ज्या देवतेसाठी हवन आहे ती देवताच बदलली, तर जे घडते तो गरजेपुरता फिरवलेला यज्ञ नसून दुसरेच काही असते. माझ्या मते धर्मचिंतनाचे सर्व कौशल्य या एका विवेकात साठलेले आहे: आपल्या आचरणात व्रीही कोणते आणि देवता कोणती, पट्टी कोणती आणि पेटी कोणती, हे ओळखणे. सनातनी मनुष्य पट्टीलाच पेटी समजतो आणि नीवाराचा एक दाणा पाहून यज्ञ बुडाला म्हणून आक्रोश करतो. सोयीचा भक्त पेटीलाच पट्टी समजतो, देवता बदलतो आणि व्रीही मात्र अस्सल आहेत म्हणून समाधान मानतो. दोघांचीही दारे घासतात.

कोणी म्हणेल की भिंतीलाच का सरळ करू नये. वाकड्या भिंतींशी जुळवून घेण्याची शिकवण ही अखेर अन्यायाशी तह करण्याची शिकवण नव्हे काय? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. कोसळू पाहणारी भिंत पाडलीच पाहिजे, आणि जी भिंत माणसाला माणसापासून तोडण्यासाठीच बांधली गेली तिच्याकरिता सुताराची पट्टी कापीत बसणे हे पाप होय. परंतु पोट सुटलेली प्रत्येक भिंत अन्यायाची नसते. कित्येक केवळ वृद्ध असतात. या दोहोंतील भेद सांगण्याचे सामर्थ्य ओळंब्याला आहे, आणि ते त्यालाच आहे. ज्याने आपली पेटी भिंतीप्रमाणे वाकवून घेतली, त्याला भिंत वाकडी आहे हेदेखील पुढे दिसेनासे होते. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' पत्र काढले, तेव्हा इष्ट ते निर्भयपणे बोलावे आणि साध्य ते करीत राहावे, ही भूमिका त्यांनी स्वीकारली. तिच्यातील बोलणे हा ओळंबा आहे आणि करणे ही पट्टी आहे. साध्याकडे पाहून इष्टाची व्याख्या त्यांनी बदलली नाही, आणि इष्ट दूर आहे म्हणून साध्याला हातही न लावण्याचा अहंकार त्यांनी बाळगला नाही.

आता माझ्या हातून बिघडलेल्या दाराविषयी. वरची कड रंध्याने उतरवलेली होती, आणि रंध्याने काढलेले लाकूड परत चढवता येत नाही. कर्माचा सिद्धान्त याहून स्पष्ट शब्दांत मला कोणी शिकवलेला नाही. मेस्त्रींनी दार उतरवले, कड पुन्हा सरळ रेषेत आणली, म्हणजे दुरुस्तीसाठी प्रथम आणखी थोडे लाकूड गमवावे लागले; आणि मग त्याच झाडाच्या उरलेल्या तुकड्यातून, रेषा जुळतील असा, एक पातळ पट्टा काढून तो सरसाने तेथे जोडला. तो पट्टा पाहून मला प्रायश्चित्ताची आठवण झाली. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड, जो १९५३ साली प्रसिद्ध झाला, पातके आणि प्रायश्चित्ते यांच्या विवेचनाने सुरू केला आहे. नुसत्या दंडशास्त्राच्या दृष्टीने त्याकडे पाहणाऱ्याला एक गोष्ट सहज निसटते. पापाच्या प्रायश्चित्तांबरोबर श्रौत परंपरेत यज्ञातील चुकांचीही प्रायश्चित्ते आहेत: भांडे फुटले, दूध सांडले, अग्नी विझला, तर काय करावे. ज्या परंपरेने विधी इतका काटेकोर आखला, तिने तो चुकणार हेही आधीच धरून ठेवले होते.

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात या दुरुस्तीचे जे तत्त्वज्ञान आहे ते सुतारालाही आपले वाटावे असे आहे. होता, अध्वर्यू आणि उद्गाता वाणीने यज्ञ चालवितात; चौथा ऋत्विज, ब्रह्मा, मौन धरून मनाने त्याची राखण करतो, आणि कोठे काही तुटले तर जोडतो. त्याला तेथे यज्ञाचा वैद्य ठरवले आहे, आणि त्याच्या कामाला उपमा दिली आहे ती कारागिरांच्या सांधणीची: क्षाराने सोने जोडावे, सोन्याने रुपे, रुप्याने कथील, कथलाने शिसे, शिशाने लोखंड, लोखंडाने अगर चामड्याने लाकूड. याहून मला महत्त्वाचे वाटते ते हे की ऋचेत झालेला दोष ऋचांच्याच साराने, यजुसातील दोष यजुसांच्याच साराने, सामातील सामांच्याच साराने भरून काढावा, असे तेथे प्रतिपादन आहे. जे दुखावले त्याच्याच सत्त्वातून औषध निघते. लांबी भरली असती तर ती परकी राहिली असती आणि पहिल्या उन्हाळ्यात तडकून पडली असती. सागाची जखम सागाने भरली. एखाद्याचा विश्वास आपण तासला असेल तर तो भेटवस्तूंनी भरत नाही, विश्वासानेच भरतो, आणि त्यासाठी आधी आपलीच कड आणखी थोडी उतरवून घ्यावी लागते. कपाटासमोर बोलण्याआधी मेस्त्री इतका वेळ मुके का बसले होते, तेही मला तेव्हा उमगले.

तरीही दार आषाढात थोडे घासतच राहिले. मी रंध्याकडे पाहिले, मेस्त्री म्हणाले, "हे पावसाचं आहे. दसरा होऊ द्या." लाकूड तोडल्यानंतरही हवेतील ओल घेते आणि सोडते, लांबीत त्याचा फरक नगण्य, रुंदीत मात्र डोळ्यांना दिसण्याइतका. श्रावणात तासलेले दार माघात ढिले पडते. जाणते सुतार म्हणूनच दारांच्या मध्ये सुताएवढी जागा सोडतात, दाराच्या मधली फळी खाचेत सरस न लावता मोकळी बसवितात, म्हणजे ती फुगली अथवा आकसली तरी चौकट फुटू नये. आणि ओल्या जांभ्याच्या भिंतीपासून कपाटाची पाठ इंचभर दूर ठेवून तेथे वारा खेळू देतात. काही दोष रचनेचे असतात, त्यांना आजच्या आज हात घातला पाहिजे. काही ऋतूचे असतात, त्यांची वाट पाहिली पाहिजे. या दोहोंची ओळख पटणे म्हणजेच क्षमा, असे मी आता मानतो. शोकात, आजारात, अपमानाच्या दिवसांत माणूस फुगलेल्या दारासारखा होतो. त्या दिवसांत त्याला तासणारे लोक पुढे त्याच्या ढिलेपणाची तक्रार करतात.

ऋग्वेदात 'सुख' हा शब्द रथाचे विशेषण म्हणून येतो. ज्याच्या चाकातील आसाचे छिद्र चांगले आहे, जो सहज चालतो, असा रथ, अशी त्याची उपपत्ती विद्वानांनी दिली आहे. पुढे हा शब्द मनाच्या अवस्थेला लागला आणि त्याचा सुताराशी असलेला संबंध आपण विसरलो. छिद्र घट्ट असेल तर आस जळतो, सैल असेल तर चाक लडबडते. योग्य अंतर राखून केलेली जोडणी म्हणजे सुख. ते एकट्या आसात नाही, एकट्या चाकात नाही, दोघांच्या मधल्या त्या मोजून सोडलेल्या जागेत आहे.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी शस्त्रे म्हणून आम्ही वडिलांची हत्यारे पाटावर मांडली: रंधा, पटाशी, गुण्या, आणि या वर्षी त्यांच्या शेजारी पट्टीतून कापून निघालेला तो लांबट तुकडा, ज्याच्या एका कडेवर आमच्या भिंतीचे सगळे वय पेन्सिलच्या रेघेने उतरलेले आहे. कपाटाचे डावे दार आईने बोटाने ढकलले. ते आवाज न करता मिटले, आणि त्याच्या व उजव्या दाराच्या मध्ये वरपासून खालपर्यंत एक सूत जागा राहिली.